ढाणकीहून निघालेली वाटी

ढाणकीच्या बाजारात माझं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. बादल्या, टब, मग, डबे, खुर्च्या, चटया, पावसाच्या दिवसांत ताडपत्री. आणि माझी एकुलती एक लेक समुद्रात वाहून गेलेलं प्लास्टिक कुठं कुठं फिरतं याचा अभ्यास करते. हे दोन्ही एका घरात कसं नांदतं, असं गिऱ्हाईकं हसून विचारतात. मी म्हणते, मिठाईवाल्याच्या घरी शुगरचा डॉक्टर जन्मला समजा, आणि तुम्ही बादली घ्या.

नवरा शेती पाहतो, दुकान मी. माझ्या नाकावर राग असतो असं त्याचं म्हणणं. दुकानात बसणाऱ्या बाईला तो लागतोच, असं माझं म्हणणं. आमचा तांडा गावापासून जवळच, नाल्याच्या काठी. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारी बोलतो; इथं आमचं बोलणं सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत सांगते. लेक मला 'याडी' म्हणते, म्हणजे आई. बाजारात वऱ्हाडी, माल आणणाऱ्या गाडीवाल्यांशी हिंदी. समुद्र मात्र मी आजवर पाहिलेला नाही. पोहता येणारंही आमच्यात कोणी नाही. नाल्याला पूर आला की आम्ही काठावर उभं राहून पाहतो आणि घरी जातो, एवढीच आमची पाण्याशी ओळख.

मागच्या श्रावणात लेक तीजेच्या सणासाठी घरी आली ती एक बातमी घेऊन. ती जिथं हा अभ्यास करते त्या संस्थेचं जहाज बंगालच्या उपसागरात जाणार होतं आणि त्यावर जाणाऱ्यांत तिची निवड झाली होती. दीड-दोन महिने नुसतं पाण्यावर. तीज संपेपर्यंत तिच्या सरांना हो की नाही ते कळवायचं होतं. चहा पिता पिता तिनं हे सांगितलं आणि वर म्हणाली, "याडी, तू नाही म्हटलं तं मी जात नाही. तू म्हणशीन तसं."

"पाहू," मी म्हटलं आणि दुकानात निघून गेले. त्या दिवशी गिऱ्हाइकांशी मी फारच कडक वागले. एका बाईनं टबला चीर आहे का म्हणून तिसऱ्यांदा विचारलं, तर मी टब काढूनच घेतला तिच्या हातातून. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते. एक लेक, आणि तिला पाठवायचं कुठं, तर जिथं पायाखाली जमीनच नाही.

तसा समुद्राशी आमचा संबंध त्याआधीच जुळला होता आणि तोही माझ्यामुळे. ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

तीज हा आमच्या तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुलींचा सण. छोट्या टोपलीत काळी माती आणि खत घालून गहू पेरायचे, रोज गाणी म्हणत पाणी घालायचं. गव्हाचे पिवळे-हिरवे कोंब वीतभर झाले की वाजतगाजत नाल्यावर जायचं, थोडे कोंब घरच्या मोठ्यांच्या पागोट्यात खोवायचे आणि बाकीची तीज टोपलीसकट पाण्यात सोडून द्यायची. सोडताना मुली रडतात. खोटं नाही, खरंच रडतात. इतके दिवस जपलेली, मैत्रीणच चालली समजून. टोपली बांबूची असायची, कुठंतरी अडकून कुजून जायची. पुढं टोपल्या विणणारे कमी झाले, मिळेनाशा झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी तांड्यातल्या पोरी माझ्याकडे आल्या, काकू काहीतरी द्या.

माझ्याकडे वाट्या होत्या. दिवाळीला गिऱ्हाइकांना भेट द्यायला मी गुलाबी आणि पोपटी रंगाच्या मोठ्या वाट्या बनवून घेतल्या होत्या. त्यांच्या बुडाशी दुकानाचं नाव आणि फोन नंबर होता. छापलेलं खोडलं जातं म्हणून मी हट्टानं साच्यातच अक्षरं उठवून घेतली होती. उरलेल्या सगळ्या वाट्या पोरींना देऊन टाकल्या. त्यांनी त्यांत गहू पेरले, आणि रीत होती तशी, टोपलीसकट म्हणजे वाटीसकट, माझा फोन नंबर नाल्यात सोडला. नाला पैनगंगेला मिळतो. मला तर तेव्हा बरंच वाटलं होतं, फुकटात जाहिरात झाली म्हणून.

मग फोन यायला लागले. पहिला माहूरकडच्या एका शेतकऱ्याचा. पूर ओसरल्यावर त्याच्या वावरात गुलाबी वाट्या निघाल्या होत्या. "बाई, तुमचं दुकान मह्या वावरात आलं, घेऊन जा," तो म्हणाला. दुसरा वणीकडून, एका मासे धरणाऱ्याचा. त्याच्या जाळ्यात माशांऐवजी मी आले होते, आणि तो काही हसून बोलत नव्हता. मीही त्याला ऐकून घेतलं नाही. तिसरा फोन तेलुगूत होता. मला अक्षर कळलं नाही, मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. लेकीला हे फोनवर सांगितलं तर ती तिकडे नाचायचीच बाकी राहिली. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढं प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, तो तेलुगूवाला बहुतेक तिथलाच, याडी तू फोन ठेवलाच काहून, असं तिनं मला वीस वेळा ऐकवलं.

संक्रांतीच्या सुमारास चौथा फोन आला. बाईचा आवाज, मोडकं हिंदी, मागं वाऱ्याचा घूं घूं आवाज. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून बोलत होती. तिचा नवरा मासेमारी करतो. काही वर्षं दोघं गुजरातेत बोटींवरच्या कामाला होते, म्हणून हिंदी येत होतं. सकाळी वाळूत तिला पोपटी वाटी सापडली होती. बाहेरून शिंपल्यांसारखे जीव चिकटले होते, ते तिनं सुरीनं खरवडून काढले, वाटी घासली, खाली नंबर दिसला. मला वाटलं आता हीही भांडणार. मी तयारच होते.

ती म्हणाली, "दीदी, इसका ढक्कन है क्या?"

मी म्हटलं, ढक्कन नाही येत त्याला. ती म्हणाली, मग दुसरी मोठी असेल तर सांगा, वाटी मजबूत आहे, एवढा समुद्र फिरून आली तरी तडा नाही. माझ्या मालाची इतकी तारीफ ढाणकीत कोणी केली नव्हती. अर्धा तास बोललो आम्ही. तिथून पुढं आमचं जमलं ते जमलंच. आठवड्या-पंधरा दिवसांनी एकमेकींना फोन करतो. तिकडे वारा कसा, इकडे कापूस कसा, एवढंच असतं बोलणं.

लेकीला त्या फोनचं वेगळंच अप्रूप. ती वाटी नदीच्या मुखापासून बरीच दक्षिणेला सापडली होती. "बराबर आहे," ती म्हणाली. "पावसाळ्यानंतर तिथला किनाऱ्याकाठचा प्रवाह खाली वाहते. उन्हाळ्याकडे उलटा फिरते. पोहोचायला उशीर झाला असता तं तुही वाटी वर ओडिशाकडे गेली असती." मी म्हटलं, वाटी तिकडे का जाईना, ढक्कन मागणारी कुठंही भेटली असती. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर किनाऱ्याकडचं मीठ लादून आत आणत, लदेणीचा धंदा होता तो. लेक चिडवते, "त्यांनी समुद्राकून मीठ आनलं, तू वाट्या पाठोल्या. धंदा चालूच आहे."

तर अशी आमची समुद्राशी ओळख. वाटी समुद्रात गेली याचं मला कौतुकच होतं. लेक जाणार म्हटल्यावर कौतुक कुठल्या कुठं गेलं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं दुकानामागच्या सिमेंटच्या टाक्यात माझाच माल ओतला. एक झाकण लावलेला रिकामा डबा, दोन वाट्या, मग, बरणीची झाकणं, आणि वरून मूठभर मुरमुरे. टाक्याच्या कडेला टेबलफॅन लावला. मला समजावून सांगायचं होतं तिला, आपण जाऊन नेमकं काय करणार ते. पंखा सुरू केला तर डबा सुटलाच, सरळ पलीकडच्या भिंतीला. वाट्या हळू निघाल्या. झाकणं तर जागची हललीही नाहीत.

"डब्याचं अंग पान्याच्या वर आहे, त्याले वारा ढकलते," ती म्हणाली. "झाकन पान्यात पडून आहे, ते पान्यासंगं जाते. एकाच दुकानातला माल, एकाच दिवशी पान्यात पडला, तरी एका जागी नाही पोहोचत." मग तिनं काठीनं पाणी ढवळलं, दोन बाजूंनी येणारं पाणी मधे भेटलं तिथं मुरमुऱ्यांची रांग लागली. समुद्रातही असंच असतं म्हणे. दोन पाणी भेटतात तिथं फेस, लाकडं, प्लास्टिक सगळं एका ओळीत गोळा होतं. पुरात नदीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पसरत दूर आत जातं, ते कचरा घेऊनच. त्यातला पुष्कळसा परत किनाऱ्याला लागतो, वाळूत गाडला जातो, मोठी भरती आली की पुन्हा निघतो. जो आत राहतो त्यावर जीव चिकटतात, जड होतो, काही बुडतो. काही उन्हानं तुटून तुटून इतका बारीक होतो की दिसतही नाही. आमच्याकडच्या समुद्रात वारा वर्षातून दोनदा तोंड फिरवतो, त्यामुळे एका जागी ढीग लागून राहत नाही, सगळं भटकत असतं. किती कुठं जातं हे कोणालाच नीट माहीत नाही. त्यासाठी जहाजावरून तरंगती यंत्रं सोडायची, ती आपण कुठं आहोत ते वरच्या उपग्रहाला सांगत फिरणार. आणि बारीक जाळं पाण्याच्या वरच्या थरातून ओढून काय सापडतं ते मोजायचं.

तोवर टाक्याभोवती पाच-सहा गिऱ्हाईकं जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "बाई, टब घेतला तं पंखा फुकट आहे का?" सगळे हसले. मीही हसले. लेक इतक्या आनंदानं सांगत होती, तिचे हात ओले, मुरमुरे मनगटाला चिकटलेले. मला तिचा अभिमान वाटत होता आणि नेमका त्याच वेळी माझ्या तोंडून प्रश्न निघाला.

"अन् मानूस पडला तं कोनत्या कोपऱ्यात जाते?"

तिनं पंखा बंद केला. माझ्याकडे पाहिलंच नाही. मुरमुरे गाळणीनं काढत बसली.

पुढचे चार दिवस आम्ही दोघी जहाजाचं नाव काढत नव्हतो. तीजेची तयारी होतीच. या वेळी पोरींना वाट्या पाण्यात सोडू द्यायच्या नाहीत असं लेकीनं आल्या आल्या ठरवलं होतं. पळसाच्या पानांचे मोठे द्रोण लावून त्यांत गहू पेरायला लावले. द्रोण गळायला लागले, माती ओसरीभर. पोरी कुरकुरल्या. शेवटी मीच तोड काढली. द्रोण दुकानातल्या दुसऱ्या वाटीत ठेवायचा, रोज पाणी घालायचं, आणि शेवटच्या दिवशी नुसता द्रोण उचलून सोडायचा. वाटी घरी परत. जी परत आणणार नाही तिला पुढच्या वर्षी मिळणार नाही. तांड्याच्या नायकांनाही, म्हणजे आमच्या प्रमुखांनाही, ते पटलं. लेक म्हणाली, "याडी, हे मले का नाही सुचलं?" मी म्हटलं, तू दुकानात बसली नाहीस म्हणून.

चार दिवसांनंतर मात्र दोन वेळा तिनं विचारलं, "मंग काय ठरोलं तू?" दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त सांगितलं. माझा नवरा या सगळ्यात एकदाच बोलला, "तुमच्या दोघींच्या मधात मी पडत नाही," आणि वावरात निघून गेला. फार हुशार माणूस आहे.

शेवटी न राहवून मी समुद्राकाठच्या त्या बाईला फोन केला. लेकीची सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, तुझा माणूस रोज जातो, तू कशी पाठवतेस? तुला भीती नाही वाटत?

ती म्हणाली, "दीदी, डर तो लगता है। उसको भी लगता है, पर बोलता नहीं।"

"मग तुले कसं समजते?" मी विचारलं. घाईत मराठीतच विचारलं, पण तिला कळलं.

"जिस दिन डर नहीं लगता, चुपचाप जाता है। जिस दिन डर लगता है, उस दिन मेरे को पूछता है, जाऊँ क्या?"

"मग तू काय सांगते?"

ती हसली. "बोलती हूँ, पहले चाय पी ले।"

फोन ठेवला आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. लेकीनं आयुष्यात मला कधी असं विचारलेलंच नव्हतं. बारावीनंतर बाहेर शिकायला जाताना विचारलं नाही, सांगितलं. समुद्राचा विषय घेतला तेव्हाही सांगितलं. तेव्हा आमचं भांडण झालं, दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसली. तीच पोरगी आता म्हणत होती, तू नाही म्हटलं तर जात नाही. इतकी गुणी ती कधीच नव्हती.

तीज सोडायच्या दिवशी सारा तांडा नाल्यावर. ढोल, गाणी, नवे कपडे, काठावर लहान-मोठ्यांची दाटी. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. एकेक मुलगी द्रोण पाण्यावर ठेवायची, तो थोडा गोल फिरायचा आणि निघायचा. रडणं सुरू झालं. माझ्या लेकीचं लग्न झालेलं नाही, म्हणून तिनंही तीज पेरली होती. वय सगळ्या पोरींपेक्षा मोठं, त्यामुळे तिला चिडवाचिडवी चालली होती. बाकीच्या पोरी द्रोण सोडून बाहेर आल्या, रडून झालं, हसायला लागल्या, वाट्या धुवून घेऊन वरच्या वाटेला लागल्या. ही पाण्यातच उभी, द्रोण दोन्ही हातांत धरून.

मी चप्पल काढून पाण्यात उतरले. लुगडं भिजलं ते भिजलं.

"सोड ना आता."

"सोडतो ना," ती म्हणाली, पण सोडलं नाही. मग म्हणाली, "याडी, आज संध्याकाळी सरांले सांगा लागते. तू नाही म्हन ना एकदाचं."

"काहून म्हनू?"

"तुले भेव वाटते म्हनून."

"मले तं वाटतेच. तुले?"

द्रोणातली माती एका बाजूनं ओली होऊन तिच्या बोटांवरून गळत होती. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते काही तीजेचं नव्हतं. बाकीचे सगळे किनाऱ्याकाठचे आहेत, म्हणाली. बोटीत वाढलेले. संस्थेनं पोहायला शिकवलं, पण ते तलावात, चारी बाजूंना भिंत असलेल्या. एकदा सरावाला जहाजावर नेलं होतं, किनारा दिसेनासा झाला तेव्हा तिला ओकारी आली आणि तिनं ती ऊन लागल्याची आहे असं सांगितलं. हे कोणालाच माहीत नव्हतं. "मले जायचं आहे याडी. अन् मले लय भेव वाटते. तू नाही म्हटलं असतं तं बरं झालं असतं. याडीनं नाही म्हटलं, सांगून मोकळी झाली असती."

मला राग आला. खरं तर रडू येत होतं, पण माझ्याकडे राग आधी येतो. "मह्या नावावर घरी बसतं का? मी नाही म्हननार नाही. हो बी म्हननार नाही. तुले जायचं नसंन तं तू म्हन नाही, तुह्या तोंडानं. कोनी काही बोलत नाही तुले. मी तं बिलकुल बोलत नाही, मी तं पेढे वाटीन. पन ते तू ठरव."

"मंग तू काय करशीन?"

"मी डबे भरून देतो. गेली तं जहाजावर खाय, नाही गेली तं घरी खाय."

ती रडता रडता हसली. हसताना हात सैल झाले आणि द्रोण पाण्यावर टेकला. गव्हाचे कोंब एकदा इकडे, एकदा तिकडे झुकले. मग द्रोण नाल्याच्या मधल्या धारेला लागला आणि गेला. आम्ही दोघी पाहत उभ्या राहिलो. तिला बहुतेक तो कुठल्या वेगानं चालला हे मोजावंसं वाटत असणार, मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखते.

काठावर चढून तिनं ओले हात माझ्या पदराला पुसले आणि फोन काढला. मी म्हटलं, मी जरा पलीकडे होते. ती म्हणाली, नको, थांब. फोन लागला. लेक सरांशी शुद्ध मराठीत बोलते, तशी बोलायला लागली.

"सर, मी येते आहे," ती म्हणाली.

पलीकडून सरांनी काहीतरी विचारलं. घरच्यांना विचारलंस का, असंच विचारलं असणार.

"हो सर, आईला विचारलं," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "आई म्हणाली, तुझं तूच ठरव."